सबुरी, क्रमांक चारशे एक्कावन्न

कुलाब्याला, आमच्या कॉलनीच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीच्या आडोशाला दुर्बीण लावून बसले आहे.
छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली.
ट्रंक कॉल मोजले,
त्यातल्या रडण्याची सेकंदंही धरून.
'तीन मिनिटं झाली, वाढवू का?'
हे मी अजून झोपेत विचारते म्हणे.
तेव्हा वेळ मोजायला मला बोलावलं, ते बरोबरच.

येणार आहे तो दगड.
दगडच म्हणायचा, पण मुंबईहून निघावं
आणि साताऱ्याला उतरावं, एवढा आडवा.
रंग तव्याच्या बुडासारखा.
शंभर वाट्या उजेड दिला तर सात-आठ परत करतो,
बाकीच्या शेजारणीने नेलेल्या.
मंगळ आणि गुरूच्या मधल्या रानात
एका फेरीला त्याला पाच वर्षं चार महिने लागतात.
स्वतःभोवती मात्र नऊ तास चव्वेचाळीस मिनिटांत वळतो:
आमची दिवसपाळी, जेवणाची सुट्टी,
आणि वर थोडा ओव्हरटाइम.

नाव पॅटिएन्शिया. इक्बाल म्हणाला, म्हणजे सबुरी.
म्हटलं, अरे, त्याचेच तर मला पगार मिळायचे.

अठराशे नव्व्याण्णवचा डिसेंबर.
नीस नावाच्या गावी, समुद्रावरच्या टेकडीवर
दुर्बिणीतून काचेवर आभाळ उतरवलं होतं.
तारे सगळे ठिपके.
आणि एक ठिपका जरा घसरलेला.
शोध म्हणजे एवढंच,
कुणीतरी एका जागी बसत नव्हतं.

त्याच डिसेंबरात इथे प्लेगचं चौथं वर्ष.
मांडवीला माझ्या पणजीच्या दारावर
खात्याच्या माणसाने लाल वर्तुळ काढलं, आत तारीख.
मग दुसरं.
खोलीत ऊन यावं म्हणून कौलं उतरवली
आणि नऊ वर्षांची पणजी अंथरुणावरून
थेट आभाळ बघत राहिली.
त्या आभाळात हा होता.
तिला दिसला नसणार,
नुसत्या डोळ्यांना तो दिसतच नाही कधी.
पण होता.
हे मी सारखं मनात घोळवते. का, ते ठाऊक नाही.

दोन वाजून सतरा.
आता हा एका ताऱ्यापुढून जाणार,
आणि त्या ताऱ्याच्या उजेडातली याची सावली
घाट उतरून येणार, सेकंदाला बारा-तेरा किलोमीटर,
कुणाची कूससुद्धा न बदलता
समुद्रात निघून जाणार.
डोळा लावला. बोट घड्याळावर.
खाली कुणाची तरी मोटार मागे घेताना गाणं वाजवते आहे.

विरारहून इग्नेशस घोन्साल्विस:
गेला! पंधरा पूर्णांक एक सेकंद.
गोराईहून कुमुद भांजी: अकरा पूर्णांक सहा.
माहीमहून इक्बाल फणसोपकर:
साडेतीन. कुत्रं पायात आलं, पण घड्याळ सोडलं नाही.

माझा तारा गेलाच नाही.
आला तसा तिथेच, निर्लज्जासारखा लुकलुकत.
दोन एकोणीस झाले, दोन बावीस झाले,
तरी मी लाइन तोडली नाही.
सवय.

मग इक्बालचाच फोन.
'बाई, तुमचं शून्य पाठवा की.'
म्हटलं, शून्य काय पाठवायचं?
'तेच तर हवंय. माहीमला तो आहे, कुलाब्याला नाही.
म्हणजे त्याची कड मध्येच कुठेतरी आहे.
तुम्ही नसता, तर दगड संपतो कुठे
हे कुणी सांगितलं असतं?'

फोन ठेवला आणि बोटांवर मोजत बसले:
प्रभादेवी, वरळी, भायखळा...
मांडवीसुद्धा येते त्या पट्ट्यात.
ती चाळ आता नाही. दार नाही, वर्तुळं नाहीत.

रकान्यात लिहिलं: शून्य पूर्णांक शून्य.
आणि बऱ्याच वेळाने
दुर्बिणीवर फडकं टाकलं.